सुप्याच्या वाटेवर लिव्हरपूल

"मॅडम, जागतिकीकरण १९९१ सालीच सुरू झालं ना?"

अर्थशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली, निवृत्त झाले, तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं विचारतात आणि जोडीला तक्रार करतात: अर्थशास्त्राच्या पुस्तकात एक व्याख्या, समाजशास्त्राच्या पुस्तकात दुसरीच, इतिहासवाले तर पार पोर्तुगीजांपर्यंत मागे जातात. मग खरं कुणाचं?

पेपरात १९९१ लिहा, मार्क मिळतील. पण तुम्ही विचारलंत म्हणून जरा लांबून सांगते. बारामती तालुक्यातल्या सुप्यावरून.

१२ मे १८७५. सुपे हे बाजारपेठेचं गाव. आसपासचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हव्या होत्या वह्या आणि कर्जाची खतं. हाती लागली ती त्यांनी जाळली. लुटालूट झाली, घरंही पेटली; जिवावर मात्र ते सहसा उठले नाहीत. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत दोन ओळी वाचतो, ते हेच.

आधी माझ्या शाखेचं म्हणणं सांगते. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून यायचा. १८६१ साली तिथं यादवी पेटली, बंदरांची नाकेबंदी झाली आणि ब्रिटनमधल्या लिव्हरपूल बंदराचे कापूसव्यापारी मुंबईकडे वळले. भाव कडाडले. मुंबईत समुद्र बुजवायच्या कंपन्यांच्या शेअर्सवर लोक तुटून पडले. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, त्या कंपन्यांचा कागद रद्दीच्या मोलाचा झाला. दूरच्या बाजारातला भाव इथल्या भावाला ओढू लागला, की अर्थशास्त्री म्हणतो, हेच जागतिकीकरण. मीही वर्षानुवर्षं फळ्यावर हेच काढलं: तेजीत सावकारानं हात सैल सोडला, मंदीत आखडला, कुणबी मधे सापडला. एक आलेख, दोन बाण, तास संपला.

मग स्टाफरूममधल्या इतिहासाच्या सरांनी एकदा चहा पिता पिता विचारलं, "बाई, सुप्यात कापूस किती पिकत होता?"

फारसा नव्हताच! तो भाग बाजरी-ज्वारीचा, अवर्षणाचा. कापसाची तेजी आणि दंगा यांचा थेट धागा जोडायला कित्येक इतिहासकार तयार नसतात, हे मला तेव्हा कळलं. ते दुसऱ्या गोष्टींकडे बोट दाखवतात. शेजारच्या इंदापूर तालुक्यात ३० वर्षांसाठी ठरवलेल्या जमीनमहसुलाची, म्हणजे साऱ्याची, मुदत १८६६च्या सुमाराला संपली. नवा सारा ठरवताना तेजीच्या काळातले भाव सरकारच्या डोळ्यांसमोर होते. भाव उतरले, सारा तसा उतरला नाही. म्हणजे लिव्हरपूल सुप्याच्या वाटेवर आलं ते कापसाच्या गाडीतून कमी आणि सरकारी दप्तरातून जास्त. माझ्या आलेखात सरकार नव्हतंच.

कायद्याचा अभ्यासक आणखी एक कागद पुढे करतो, आणि मला विचाराल तर सगळ्यात बोलका तोच. १८५९च्या कायद्यानं कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला, व्याज साचू नये. घडलं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घ्यायचा. मागचं व्याज मुद्दलात जायचं आणि त्यावर पुन्हा व्याज. वाचता न येणारा माणूस अंगठा द्यायचा आणि दिवाणी कोर्ट त्या अंगठ्याला संमती मानायचं. करार म्हणजे दोन बरोबरीच्या माणसांचा सौदा, ही कल्पनाही बोटीतूनच आली होती. खतं का जाळली, ते इथं कळतं. पुढं १८७९च्या कायद्यानं कोर्टाला खताच्या मागचा हिशेब उकरायची मुभा दिली.

समाजशास्त्राच्या आमच्या मैत्रिणीला यातलं काहीच पुरेसं वाटत नाही. ती विचारते, दंग्याआधी काय झालं? शिरूर तालुक्यात लोकांनी आधी सावकारावर बहिष्कार घातला होता. न्हावी हजामत करेना, परीट कपडे धुवेना. बाजारानं जे मोडलं म्हणतात, त्या बलुतेदारीचंच हत्यार बाजाराविरुद्ध उपसलं. शिवाय चीड सगळ्यात जास्त परक्या सावकारावर, मारवाडी-गुजराती घरांवर. जग जवळ आलं की "आपले" आणि "बाहेरचे" ही रेघ पुसट होते, असं म्हणणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

भूगोलवाले आगगाडी, सुएझचा कालवा आणि तारायंत्र दाखवतात. दाखवू देत, त्यांचं फारसं चुकत नाही.

तर पोरांनो, व्याख्या वेगळ्या आहेत कारण प्रश्न वेगळे आहेत. भाव कुणी ठरवला, सारा कुणी लावला, खत कुणी लिहिलं, न्हावी का थांबला? एकाच शाखेची पाटी गळ्यात अडकवून मी बरीच वर्षं काढली, त्याचं आता थोडं वाईट वाटतं.

गेल्या हिवाळ्यात यवतमाळकडचा एक मुलगा हाच प्रश्न घेऊन आला होता. त्याच्या घरी कापूस खोलीत भरून ठेवलेला, भाव वाढेल म्हणून. त्यात राहून घरच्यांच्या अंगाला खाज सुटलेली. वडील रोज मोबाईलवर भाव बघतात, म्हणाला. माझी सुप्याची गोष्ट त्यानं शांतपणे ऐकली, वहीत टिपूनही घेतली. उठताना दारात थांबला.

"मॅडम, ते जाऊ द्या. बाबांनी आता विकावा, का मार्चपर्यंत थांबावं?"

मी त्याला आणखी एक कप चहा घ्यायला सांगितलं.