आमची वाटचाल : सिल्लारीचा अंधार

नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून जो तो तारे दाखवायला लागलाय. आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून पेंचच्या सिल्लारी गावाच्या बाजूला शेतात पाहुण्यांसाठी दुर्बीण लावून बसायचो, हे कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे.

दुर्बीण तीच, आठ इंची आरशाची, साध्या लाकडी बैठकीवर फिरणारी डॉब्सोनियन, फोकल लेंग्थ (नाभीय अंतर) १२०० मिलिमीटर. पंचवीस मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला की ४८ पट, दहाचा लावला की १२० पट. शनीच्या कड्यांना तेवढं पुरतं. जीपमधून कच्च्या रस्त्यानं आणली की आरसा हलतोच. पाहुणे जेवायला बसले की कॉलिमेशन, म्हणजे आरसे पुन्हा सरळ रेषेत बसवणं, मी स्वतः करतो, पोरांवर सोडत नाही.

जिप्सी चालवणारा माझा पहिला जोडीदार गोंड वस्तीतला. मी सप्तर्षींची नावं सांगत होतो, तर तो म्हणाला, "भाऊ, हे म्हातारीची बाज हाये. मागचे तिघं चोर, बाज चोरून नेऊन राह्यले." त्या दिवसापासून आमचा कार्यक्रम बाजेपासूनच सुरू होतो. शेतकऱ्याची लेकरं लगेच बोट दाखवतात.

मग बांधापलीकडे एक रिसॉर्ट उभं राहिलं. फाटकावर पांढरे फ्लडलाइट, झोत आभाळाकडे. डोळा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तिकडं एक गाडी वळली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ आपल्याकडे दक्षिणेला जेमतेम वीस अंश वर येतो, आणि दिवे नेमके दक्षिणेलाच! शेड लावा म्हणून हात जोडले, तर उत्तर आलं, "अंधारात आमचे पाहुणे घाबरतात." उन्हाळ्याची बुकिंगं गेली. दुर्बीण विकत घ्यायला गिऱ्हाईकही येऊन पाहून गेलं.

तेव्हा नागपूरचे एक निवृत्त गुरुजी उभे राहिले. दर हिवाळ्यात अमावास्येला ते पोरं घेऊन यायचे. पुढच्या हंगामाचे सगळे पैसे त्यांनी हातात ठेवले आणि म्हणाले, "जागा बदला, आम्ही येतो." त्या पैशातून आतल्या बाजूचं शेत भाड्यानं घेतलं. दुर्बीण घरातच राहिली.

पुढं वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले गेले, वाघोड्याला वेधशाळा झाली. गावकऱ्यांनी जे मानलं, ते रिसॉर्टवाल्यानं मानलं नव्हतं. आज तोच पौर्णिमेलासुद्धा 'स्टारगेझिंग नाइट' विकतो. पौर्णिमेला आकाशगंगा कुठून दिसणार? मला ते अजून सलतं.

लेकरांसाठी डब्यावर '५२५ पट' लिहिलेली बारकी दुर्बीण घेऊ नका. १०×५० ची (दहा पट, ५० मिलिमीटर भिंगाची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या, कृत्तिका त्यातच जास्त देखण्या दिसतात. आमच्याकडे या नाहीतर दुसरीकडे जा, पण अमावास्येच्या आसपासची तारीख धरा. आणि पैसे भरायच्या आधी विचारा, अंगणातले दिवे रात्री किती वाजता बंद करता? वेळ सांगता आली नाही तर बुकिंग करू नका.