लाल पेटी आणि कौन्सिल टॅक्सचं पाकीट

बजेटचा सोहळा इंग्लंडमध्येही असतो, फक्त हलव्याविना. इथले अर्थमंत्री, म्हणजे चॅन्सेलर, ११ डाउनिंग स्ट्रीटच्या दारात लाल पेटी उंचावून फोटो देतात आणि मग पार्लमेंटमध्ये भाषण करतात. भाषण करताना त्यांना दारू प्यायची मुभा असते. सभागृहात एरवी कोणालाच नसते. केनेथ क्लार्क व्हिस्की घ्यायचे. अलीकडचे बिचारे पाण्यावर भागवतात.

दुसऱ्या दिवशी आमच्या कव्हेंट्रीच्या ऑफिसात बिअर, सिगारेट आणि पेट्रोल या तीनच विषयांवर चर्चा. अगदी आपल्यासारखी. आणि मला दरवर्षी जास्तच वाटायला लागलंय, की आपण सगळे भलतीकडेच बघत असतो.

माझ्या पगाराच्या स्लिपवर कोपऱ्यात ‘१२५७एल’ असा कोड छापलेला असतो. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत आयकर नाही, असा त्याचा अर्थ. हा आकडा एप्रिल २०२१ पासून तसूभर हललेला नाही. मधे महागाई ११ टक्क्यांवर गेली, पगारही थोडेफार वाढले, करमुक्त मर्यादा मात्र जागच्या जागी. म्हणजे कराचा दर न वाढवताही तिजोरी भरते, आणि ‘कर वाढवला’ असं कोणाला ओरडताही येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चॅन्सेलर रेचल रीव्ह्ज यांनी ही मर्यादा २०३१ पर्यंत गोठवून ठेवली. त्या दिवशी गाजलं काय, तर सरकारी अंदाज मांडणाऱ्या संस्थेचा अहवाल भाषणाआधीच इंटरनेटवर उघडला गेला, हे! त्यापायी संस्थेच्या प्रमुखांनी राजीनामाही दिला.

बजेटकडे पाठच फिरवावी, असं म्हणत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे चॅन्सेलर क्वासी क्वार्टेंग यांनी जे ‘मिनी बजेट’ मांडलं, त्यानंतर पौंड गडगडला, बँकांनी गृहकर्जाच्या योजना भराभर मागे घेतल्या आणि महिन्याभरात पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा दिला. पण असं क्वचित घडतं.

दरवर्षी नेमाने घडतं ते मार्चमध्ये. कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या महापालिकेच्या घरपट्टीचं, पाकीट दारातून आत पडतं. कचरा, वाचनालयं, म्हाताऱ्यांची देखभाल, सगळं त्या कौन्सिलच्या हातात. पण तिच्या बजेटच्या बैठकीसाठी टीव्हीसमोर कोण बसतो? शेजारच्या बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये पैसे संपले म्हणून हात वर केले. मग २०२४ मध्ये कौन्सिल टॅक्स जवळपास १० टक्क्यांनी वाढला, पुढच्या वर्षी आणखी साडेसात टक्के. २०२५ मध्ये सफाई कामगारांचा संप झाला आणि रस्त्यांवर काळ्या पिशव्यांचे ढीग लागले. तेव्हा कुठे लोकांनी कौन्सिलच्या हिशेबात डोकं घातलं.

आता आपल्याकडचं. १ फेब्रुवारीला आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळपासून ‘काय स्वस्त, काय महाग’ सुरू होतं. अहो काका, जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तूंवरचा कर जीएसटी कौन्सिल ठरवते! मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबर २०२५ ला, बजेटच्या भाषणात नव्हे. आयकराचं म्हणाल तर खरं आहे. २०२५ मधली बारा लाखांची घोषणा बजेटमधलीच, आणि तिच्यासाठी टीव्हीसमोर बसणं वाया गेलं नाही.

पण मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं. काही छोट्या राज्यांनाही एवढं बजेट नसतं. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते; आयुक्तच प्रशासक, म्हणजे मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. त्यावर आमच्या ग्रुपमध्ये एकही मेसेज आला नाही, आणि ग्रुपमधली अर्धी माणसं दादर-मुलुंडची आहेत.

पुण्या-नाशिकच्या वाचकांनो, तुमच्या महापालिकेचं यंदाचं बजेट किती कोटींचं आहे? गुगल न करता सांगा.