मग आमचा सीझन कुठं?

स्पर्धा कोणती ते सांगत नाही, कारण प्रस्ताव अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे. फुटबॉलची आहे, आंतरराष्ट्रीय आहे, वयोगटाची आहे, आणि तिचे काही सामने कोल्हापुरात व्हावेत असं शहरातल्या चार वजनदार मंडळींच्या मनात आलं, एवढं पुरे. कल्पना वाईट नाही. तालमी म्हणजे इथं नुसते कुस्तीचे आखाडे नाहीत, त्यांचे फुटबॉल संघही असतात. तालमीतालमींच्या सामन्यांसाठी जिथं पेठा झेंड्यांनी भरतात, जिथल्या तालमी थेट आफ्रिकेतून खेळाडू आणतात, तिथं परदेशी पोरांचा खेळ बघायला गर्दी होणार नाही तर कुठं होणार? २०१७ साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. सामने मात्र नवी मुंबई, गोवा, कोची, दिल्ली, गुवाहाटी आणि कोलकात्यात झाले. ती सल इथं अजून आहे.

आमचं ऑफिस राजारामपुरीत. शहर नियोजनाची लहानमोठी कामं आम्ही घेतो. या प्रस्तावातलं ‘शहराला होणारे फायदे’ हे प्रकरण लिहायचं काम माझ्याकडे आलं. अशा प्रकरणाचा साचा ठरलेला असतो: पर्यटन वाढेल, रोजगार मिळेल, शहराचं नाव जगाच्या नकाशावर जाईल. यातलं शेवटचं वाक्य मी लिहीत नाही. कोल्हापूर नकाशावर आहेच.

कागदांच्या गठ्ठ्यात यजमान शहरानं सही करायच्या कराराचा नमुनाही होता. असे करार सहसा कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. मला त्यातली दोन कलमं खटकली. एक असं, की सामन्यांच्या काळात स्टेडियमभोवती ठरावीक अंतरापर्यंत फक्त अधिकृत प्रायोजकांचा माल विकला जाईल. बाकीचे फेरीवाले, पाट्या, फलक हटवायची जबाबदारी शहराची. दुसरं, मैदान स्पर्धेच्या कितीतरी महिने आधी ताब्यात द्यायचं, नवीन हिरवळ लावायची आणि मधल्या काळात तिथं एकही सामना खेळवायचा नाही.

सामने शाहू स्टेडियमवर व्हायचे होते. ते मध्यभागी धरून मी नकाशावर करारातल्या अंतराचं वर्तुळ काढलं. ते खासबागेच्या खाऊ गल्लीपर्यंत पोचलं.

त्या रविवारी स्टेडियमवर एका स्थानिक चषकाची फायनल होती, आणि संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या एका तालमीत रहिवाशांची बैठक. दुपारी आर्किटेक्चरच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन स्टेडियमभोवती फिरले. कोण काय विकतं, कधीपासून बसतं, पाणी कुठून आणतं, हे लिहून घेत होतो. भडंग, शेंगा, कांदाभजी, सोडा, चहा, झेंडे, पिपाण्या. बायका लघवीला कुठं जातात, या प्रश्नावर विद्यार्थी लाजला आणि वही माझ्याकडे दिली. उत्तर जवळजवळ सगळीकडे एकच होतं: जात नाहीत. दुपारपासून पाणीच पीत नाहीत.

बैठक तालमीच्या वरच्या खोलीत. खाली लाल माती, वर जिन्यात चपलांचा ढीग. दोन कट्टर प्रतिस्पर्धी तालमींचे कार्यकर्ते मुद्दाम दोन भिंतींना टेकून बसलेले, कारण दुपारच्या पेनल्टीचा वाद अजून मिटला नव्हता. मधे गाडेवाले, रिक्षावाले, जवळच्या गल्लीतल्या काही बायका आणि पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर. सुरुवातीला सगळे खुशीत होते. स्टेडियमला फ्लडलाइट येणार, टीव्हीवर कोल्हापूर दिसणार, पोरांना परदेशी कोच मिळणार.

मग मी नकाशा भिंतीवर लावला.

“आठ दिवसांचा प्रश्न हाय, मॅडम,” एक तरुण कार्यकर्ता म्हणाला. “देशाची इज्जत हाय. आठ दिवस गाडे बंद ठेवले तर काय बिघडतंय?”

“तुझं काय बिघडतंय? तुझं मेडिकल हाय,” भजीच्या गाडीवाल्या मावशी म्हणाल्या. “मी बचत गटाचं कर्ज फुटबॉलच्या म्हैन्यांत फेडतो. पाऊस लागला की हितं कुत्रं फिरकत न्हाई.”

त्यावर थोडी हशा, थोडी कुजबुज झाली. पण खोली कार्यकर्त्याच्या बाजूची होती, हे दिसत होतं. मोठी गोष्ट येते तेव्हा लहान माणसानं बाजूला व्हावं, हे आपल्याकडे न शिकवता येतं. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी झोपडपट्ट्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून रस्त्याकडेला फलक उभे केले होते, आणि तेव्हाही पुष्कळांना ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

मी दुसरं कलम वाचून दाखवलं.

“मैदान कधीपास्नं बंद?” त्याच कार्यकर्त्यानं विचारलं.

मी महिने सांगितले. त्यानं बोटांवर मोजले. मे, एप्रिल, मार्च असा उलटा मागे जात तो डिसेंबरवर थांबला.

“मग आमचा सीझन कुठं?”

मी म्हटलं, दुसऱ्या मैदानावर, नाहीतर त्या वर्षी नाहीच. आणि समोरच्या भिंतीला टेकलेला, दुपारपासून याच्याशी न बोलणारा माणूस उठून म्हणाला, “न्हाई म्हंजे? पोरं काय करनार वर्षभर?” दहा मिनिटं कुणाचंच कुणाला ऐकू गेलं नाही. पेनल्टी विसरली गेली. मावशी शांतपणे म्हणाल्या, “आता कळलं का आठ दिवस कसं असत्यात?”

पुढचा दीड तास माझ्या नोकरीतला सगळ्यात कामाचा दीड तास ठरला, कारण त्यानंतर कुणी स्पर्धा हवी की नको असं बोललंच नाही. कशाच्या बदल्यात, एवढंच बोलणं चाललं.

मी त्यांना साल्व्हादोरची गोष्ट सांगितली. ब्राझीलमधलं हे शहर. तिथं बायका रस्त्यावर आकाराजे विकतात, म्हणजे चवळी वाटून तेलात तळलेले वडे. २०१४ च्या विश्वचषकासाठी स्टेडियमभोवती असंच वर्तुळ आखलं गेलं आणि या बायका बाहेर पडल्या. त्यांची संघटना होती. त्यांनी सह्या गोळा केल्या, पारंपरिक पांढऱ्या पोशाखात निदर्शनं केली, आणि २०१३ मध्येच, विश्वचषकाच्या आधीच्या कॉन्फेडरेशन्स कपला, त्यांच्यातल्या काही जणींना स्टेडियमच्या आवारात विक्रीची परवानगी मिळाली.

“वडेच का?” मावशींनी विचारलं. “मग जमतंय की.”

इंजिनियरसाहेबांना वड्यांत रस नव्हता. फ्लडलाइट बसवणार कोण हा प्रश्न सोपा आहे, ते म्हणाले. स्पर्धा गेल्यावर त्याचं वीजबिल कोण भरणार ते सांगा. तिथं मला माँट्रियल आठवलं. १९७६ च्या ऑलिंपिकआधी तिथला महापौर म्हणाला होता, की पुरुषाला मूल होईल तेव्हाच ऑलिंपिकला तोटा होईल. ते कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं आणि त्यासाठी क्यूबेक प्रांतातल्या लोकांनी तंबाखूवर जादा कर भरला. खोलीतल्या तंबाखू मळणाऱ्या दोन हातांनी क्षणभर काम थांबवलं.

उलट उदाहरणही द्यायला हवं होतं, नाहीतर लोक नुसते घाबरून घरी गेले असते. पॅरिसनं २०२४ च्या ऑलिंपिकसाठी बहुतेक सामने आधीपासून असलेल्या किंवा तात्पुरत्या जागांवर घेतले. जो मोठा जलतरण तलाव नव्यानं बांधला, तो श्रीमंत भागात न बांधता पॅरिसला लागून असलेल्या सेंट-डेनिसला बांधला. त्या जिल्ह्यातल्या सहावीत जाणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांना पोहता येत नाही, हे आधी माहीत होतं म्हणून. २०२५ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. तलाव कुणासाठी, हे स्पर्धेच्या आधी ठरलं होतं. लंडनचं उदाहरण मी अर्ध्यावर सोडलं. २०१२ च्या क्रीडाग्रामातून सुमारे २,८०० घरं झाली, त्यातली निम्मी परवडणारी. पण त्याच जागेसाठी आधी एक अख्खी वसाहत उठवली होती, आणि ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही.

कागदावर अटी उतरू लागल्या. शाहू स्टेडियम बंद करायच्या आधी लीगसाठी दुसरं मैदान तयार हवं. ‘करू’ नाही, तयार. स्टेडियमजवळ बायकांसाठी कायमचं स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळ, सामन्यांपुरता उभा केलेला डबा नको. ज्यांच्याकडे विक्री प्रमाणपत्र आहे, त्या गाडेवाल्यांनाच वर्तुळाच्या आत जागा. पेठेतल्या शाळांना तिकिटं. फ्लडलाइटच्या देखभालीचे पैसे आधी बाजूला काढलेले. एकानं परदेशी संघाशी तालमीच्या पोरांचा एक सराव सामना मागितला. मला ती मागणी भाबडी वाटली होती. आता वाटतं, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दिवस आठवणीत राहणारी तीच आहे.

दुसऱ्या दिवशी मंडळींसमोर हे ठेवलं, तेव्हा त्यांना आवडलं नाही. नकाशा ‘नकारात्मक’ आहे, तो काढा, असं एकानं सुचवलं. दुसऱ्याचा मुद्दा मात्र खरा होता: “लॉस एंजेलिसचं उदाहरण देऊ नका. आपल्यासारखी वीस शहरं रांगेत उभी आहेत. अटी घातल्या तर आपल्याला कोण विचारणार?”

लॉस एंजेलिसचं मी बोललेच नव्हते, पण आहे ते खरं. १९८४ च्या ऑलिंपिकला शेवटी तेच एक शहर उरलं होतं, म्हणून तोटा करदात्यांवर येणार नाही ही अट ते मान्य करून घेऊ शकलं. सुमारे २३ कोटी डॉलर शिल्लक राहिले आणि त्यातला ४० टक्के वाटा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या खेळांसाठी गेला. कोल्हापूरची ती ताकद नाही.

पण मी यादी पुन्हा वाचून दाखवली आणि विचारलं, यातलं आयोजकांना विचारायला लागेल असं काय आहे? गाड्यांची जागा, तिकिटं, सराव सामना. बाकी दुसरं मैदान, स्वच्छतागृह, नळ, वीजबिलाची तरतूद हे सगळं आपलंच आहे. परवानगी आपली, बजेट आपलं. ते न झाल्याचं खापर परदेशातल्या संस्थेवर फोडता येणार नाही. यावर खोलीत चहा आला आणि विषय बदलला. मी त्याला होकार धरलं.

खासबागेकडे बघितलं की मला नेहमी वाटतं, आपल्याला हे शिकायला पॅरिसपर्यंत जायची गरज नव्हती. शाहू महाराजांनी रोममधलं कलोसियम पाहिलं आणि १९१२ साली इथं कुस्तीचं मैदान पूर्ण केलं. कुठंही बसा, आखाडा दिसतो. लांबलांबचे मल्ल तिथं उतरले, पण ते गेल्यावर कुलूप लागलं नाही. अर्थात महाराजांना कुठल्याही प्रायोजकाशी करार करावा लागला नव्हता, हेही खरंच.

प्रकरण नकाशासकट गेलं. दुसऱ्या मैदानाची आणि स्वच्छतागृहाची अट प्रस्तावाच्या मुख्य भागात राहिली. वीजबिल परिशिष्टात ढकललं गेलं. गाडेवाल्यांचं वाक्य ‘स्थानिक विक्रेत्यांचा यथोचित विचार करावा’ असं गुळगुळीत होऊन आलं, आणि सराव सामना कुणी खोडला ते मला कळलं नाही.

मावशींना हे सांगायला गेले तेव्हा त्या कांदा चिरत होत्या. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका असाव्या लागतात, हे मी त्यांना सांगितलं. साल्व्हादोरच्या बायकांकडे संघटना होती, तुमच्याकडे कायदा आहे, असंही म्हटलं.

“निवडणूक कवा?” त्यांनी विचारलं. “आणि फॉर्म कुठं मिळतोय?”

फॉर्म मी आणून दिला. सूचक म्हणून पहिली सही मेडिकलवाल्या कार्यकर्त्याची घ्यायला गेलो, तर मेडिकलवाला विक्रेता नसल्यामुळं त्याची सही चालत नाही असं निघालं. मग शेंगावाल्या काकांची घेतली.