सावड

लुइस्टन, शनिवार, ४ ऑक्टोबर

आज दिवसभर वेल्सच्या शेतावर मक्याची कणसं सोलली. बोटं सोलवटली आहेत.

वेल्स हे अमेरिकेतल्या मेन राज्यातलं सोळा-सतराशे वस्तीचं गाव. तिथे सोमाली बांटू कुटुंबं लिबरेशन फार्म्स ही शेती करतात. काही वाफे घरापुरते, तर विक्रीचं पीक गटागटाने. त्या गटाला 'इस्काशितो' म्हणतात. मला आपली सावडच आठवली.

माझ्या शेजारी ज्या बसल्या होत्या, त्यांना मी मनात मावशी म्हणते. त्यांची बोली माय-माय; मधे त्यांची नात दुभाषी म्हणून बोलत होती. मी म्हटलं, "निर्वासित म्हणून इथे आल्यावर त्यांना..." पोरीने तिथेच थांबवलं. "आजी शेतकरी आहे."

लाज वाटली मला. माझ्या आजीचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. नव्या गावात तिला शेवटपर्यंत 'धरणवाली' म्हणत, आणि ते तिला किती लागे हे मी पाहिलं होतं.

या सोमाली बांटूंच्या पूर्वजांना एकोणिसाव्या शतकात टांझानिया, मोझांबिक, मलावीच्या भागांतून गुलाम करून सोमालियात आणलं. जुबा नदीकाठी त्यांनी शेती उभी केली. १९९१ साली सरकार कोसळलं, आणि धान्याने भरलेली त्यांची पेवं बंदूकवाल्यांनी लुटली. पाठीशी उभं राहील असं बलाढ्य कुळ यांना नव्हतं. मग केनियातल्या छावण्या, शिध्याच्या रांगा. २००३ नंतर हजारो बांटू अमेरिकेत आले. मधली दहा-बारा वर्षं या शेतकऱ्यांनी रेशनकार्ड धरून काढली, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

वेल्समधल्या या शंभरेक एकर जमिनीला 'लिटल जुबा' म्हणतात. पण जुबेकाठी पावसाचे दोन हंगाम. इथे सप्टेंबर सरतो न सरतो तोच पिकावर दंव गोठतं. म्हणून आजची घाई.

अर्धवट भरलेलं एक कणीस मी कोंबड्यांच्या पाटीत टाकलं. मावशींनी ते उचललं, नखाने दाणा दाबून पाहिला आणि बियाण्याच्या टोपलीत ठेवलं. मग माझ्या हातातलं पुढचं कणीस काढून घेऊन टोकाकडून पानं कशी ओढायची ते दाखवलं. दोनदा. तिसऱ्यांदा मला जमलं, तेव्हा त्या खळखळून हसल्या.

निघताना ताज्या दळलेल्या मक्याच्या पिठाची पिशवी दिली. त्यांच्याकडे याचा 'सूर' करतात, आपल्या घट्ट घाट्यासारखा. पाणी आधी चांगलं उकळू दे, असं तीनदा बजावलंय.