पुरातला रेडिओ आणि बिननंबरी व्हॉल्व्ह

करोनाच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. नाशिकच्या सराफ बाजारातले एक काका-काकू रिक्षाने माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानाशी उतरले. काकांच्या मांडीवर लाकडी कॅबिनेटचा रेडिओ, काकूंच्या हातात श्रीखंडाचा जुना डबा. डब्यात कापसात गुंडाळलेले सहा व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत ट्रान्झिस्टरच्या जागी असायच्या त्या काचेच्या नळ्या.

२०१६च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा हा रेडिओ तळमजल्यावर फडताळाच्या खालच्या खणात होता. सराफ बाजारात किती पाणी शिरलं होतं, ते नाशिककरांना सांगायला नको. पाणी ओसरल्यावर भाच्याने व्हॉल्व्ह उपटले, साबणाने धुतले आणि गच्चीवर वाळत घातले. व्हॉल्व्हवरचा छापील नंबर नुसत्या ओल्या बोटानेही जातो, साबणापुढे काय टिकणार! सहाही काचा कोऱ्या करकरीत.

"व्हॉल्व्हच गेले असणार हो, पाण्यात बुडाले होते," काका म्हणाले. हे मी कायम ऐकतो. रेडिओ बंद पडला की दोष व्हॉल्व्हवर. अहो, ती हवाबंद काच आहे, पाणी आत शिरणार कुठून? पुरात मरतं ते कागद, पुठ्ठा, मेण आणि केसाएवढी बारीक तार.

पण नंबर नाहीत ही खरी पंचाईत होती. सहाही नऊ पिनांचे, म्हणजे कुठलाही कुठेही बसतो. सॉकेटांच्या वायरी वाचून कुठे काय हवं ते कळलं. ट्रान्सफॉर्मरची हाय व्होल्टेजची दोन टोकं १ आणि ७ नंबरच्या पिनांवर येतात, तिथे एसीचा डीसी करणारा ईझेड८०. स्पीकरला जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरशी ईएल८४. बाकी ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१ आणि मॅजिक आयचा, म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्याचा ईएम८०. आता डब्यातला कोण कुठला?

एकेकाच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट दिले आणि करंट मोजला. ईएल८४ पाऊण अँपिअर खातो, ईझेड८० ०.६. ईसीएच८१ ०.३ घेतो. डोळाही तेवढाच घेतो, पण तो दिसतोच, त्याला ओळखायला मीटर लागत नाही. ईबीसी८१ ०.२३ आणि ईएफ८९ ०.२, म्हणजे फरक इतका थोडा की नुसत्या मीटरवर विसंबून चालत नाही. माझ्याकडचे नंबरवाले व्हॉल्व्ह शेजारी ठेवून भिंगाने आतली रचना ताडून पाहिली. उरलेल्या एकाच्या काचेवरचा आतला चंदेरी थर दुधासारखा पांढरा पडला होता, म्हणजे आत हवा शिरलेली. बुडाशी पिनेजवळ बारीक तडा होता. पूर नव्हे, उपटतानाचा जोर. हाच ईएफ८९. तो माझ्या साठ्यातून घातला. बाकी पाच ठणठणीत.

खरी मेहनत पुढे होती. गँगच्या, म्हणजे स्टेशन लावायच्या कंडेन्सरच्या पात्यांत गोदेचा गाळ वाळून बसलेला, तो मऊ ब्रशने आणि स्पिरिटने काढला. मेन ट्रान्सफॉर्मर लाकडी पेटीत बल्बच्या उबेला ठेवला आणि मेगरचा, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचा काटा समाधानकारक वर चढेपर्यंत हलवला नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडची गुंडाळी, मात्र तुटलेली होती. टोकाशी हिरवा ठिपका, तार तिथेच कुजलेली. तो दोष न पाहता सप्लाय दिला असता, तर ईएल८४च्या अॅनोडला, म्हणजे आतल्या मुख्य पत्र्याला व्होल्टेजच मिळालं नसतं, सगळा भार स्क्रीन ग्रिड या आतल्या बारीक जाळीवर पडून ती लाल झाली असती आणि चांगला व्हॉल्व्ह माझ्याच टेबलावर गेला असता. सुदैवाने तुटलेलं टोक बाहेरच्या थरात होतं. एक वेढा उकलून सोल्डर केलं. कागदी कंडेन्सर सरसकट बदलले. ईएल८४च्या ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला जोडलेला तर काढून फेकलाच. तो लीक असला की ग्रिड पॉझिटिव्ह होते आणि व्हॉल्व्ह तापून लालबुंद होतो.

स्पीकरचा कोन पातळ कागदाने सांधला, डायलची दोरी नवी घातली.

काकांना बोलावून घेतलं. काही शॉर्ट असेल तर करंट आवरावा म्हणून सिरीजमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून प्लग घातला. बल्ब झटकन उजळला, मग मंदावला. फिलामेंट लाल झाले, डोळा हिरवा. सुरुवातीला नुसतीच घरघर. दुकानातले एलईडी दिवे बंद केले तेव्हा कमी झाली. डायल ५५८ किलोहर्ट्झकडे नेला आणि मुंबईची अस्मिता वाहिनी लागली. आवाज थोडा घोगरा होता, आतले आयएफटी, म्हणजे स्टेशन नेमकं पकडणारी कॉइलं अजून जुळवायची होती. काका मात्र तेवढ्यावरच उठून निघाले होते. त्यांना अजून चार दिवस थांबा म्हणताना मला बरेच कष्ट पडले.

देताना सहा व्हॉल्व्हच्या जागा आणि नंबर शाईने लिहून मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवले. काकूंनी विचारलं, "आणि परत पाणी आलं तर?"

"काकू, आता वरच्या मजल्यावर ठेवा. आणि भाच्याला हात लावू देऊ नका."