पीएस४ चालतोय ना? मग पीएस५च्या आधी मीटरपेटी बघा

गणपतीला चाकरमानी यायला लागले की त्यांच्याबरोबर हा प्रश्नही येतो : "अजून पीएस४च? पीएस५ घेऊन टाक की!" पीएस४ आणि पीएस५ म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या सोनीच्या प्लेस्टेशन मशीनची (कन्सोलची) चौथी आणि पाचवी पिढी. मुंबईत या प्रश्नाचं उत्तर खिसा देतो. गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण या पट्ट्यात मात्र खिशाच्या आधी वीज बोलते, मग खारं वारं, मग नेट. पीएस५ मशीन म्हणून चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण तो ज्या घरात जाणार ते घर तयार नसेल, तर आहे त्या पीएस४वर थोडा खर्च करून आणखी दोन वर्षं काढणं शहाणपणाचं.

सुरुवात खेळांपासून करा. पीएस४ आला २०१३ मध्ये, पीएस५ नोव्हेंबर २०२० मध्ये. भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळू लागला. त्यानंतरही बरेच मोठे गेम दोन्हींवर येत राहिले. ग्रॅन टुरिझ्मो ७, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक, क्रिकेट २४ हे दोन्हींवर आहेत, ईए एफसी २६ सुद्धा पीएस४वर निघाला. स्पायडर-मॅन २, ॲस्ट्रो बॉट, घोस्ट ऑफ योतेई मात्र पीएस४वर नाहीत, आणि जीटीए ६ची घोषणाही पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच झाली. पीएस प्लस ही सोनीची वर्गणी भरत असाल तर आणखी एक गोष्ट : जानेवारी २०२६ पासून दर महिन्याच्या गेममध्ये पीएस४चे गेम हा मुख्य भाग राहणार नाही, असं सोनीने आधीच सांगून ठेवलं होतं. तुमच्या यादीत फक्त पीएस५वर चालणारे किमान तीन गेम असतील तर पुढे वाचा. सुट्टीत भावंडं जमल्यावर फुटबॉल आणि क्रिकेट एवढंच खेळणं असेल, तर घाई कशाला?

टीव्हीचं फार मनावर घेऊ नका. फोर-के नसला तरी पीएस५ १०८० आणि ७२० रेषांवर चालतो. गेम पटकन उघडणं आणि सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम, हे दोन फायदे साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवरही दिसतात. १२० हर्ट्झसाठी टीव्ही बदलणं म्हणजे नारळापेक्षा सोलणावळ जास्त.

पीएस४ कुथत असेल तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा किंवा पंख्याचा असतो. लाईट वारंवार जाणाऱ्या गावात फिरती डिस्क लवकर खराब होते, कारण लिहिता लिहिता वीज तुटते. गेम मध्येच अडकतो, अपडेटनंतरचं कॉपिंग तासन् तास चालतं, एक दिवस मशीन आपणहून सेफ मोडमध्ये (दुरुस्तीच्या मेनूत) उघडतं. त्यावर उपाय अडीच इंची सॅटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क. ५०० जीबीपेक्षा १ टीबी बरी, कारण पीएस४ अपडेट बसवताना जवळपास पूर्ण गेमची दुसरी प्रत बनवतो आणि तेवढी जागा रिकामी लागते. काम असं : ट्रॉफी (गेममध्ये मिळवलेली बक्षिसं) आधी सर्व्हरवर सिंक करा (बॅकअपमध्ये त्या येत नाहीत), मग सेव्ह यूएसबीवर घ्या. स्लिम आणि प्रोमध्ये डिस्क मागच्या बाजूच्या झाकणाखाली असते, जुन्या जाड मॉडेलमध्ये वरचं चकचकीत अर्धं झाकण बाजूला सरकवलं की दिसते. प्लेस्टेशनच्या चार चिन्हांचा स्क्रू काढला की डिस्कचा ट्रे बाहेर येतो.

नवीन डिस्क बसली की पेनड्राइव्हवर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत 'पीएस४' नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'अपडेट' नावाचं फोल्डर, आणि त्यात सोनीच्या साइटवरची पूर्ण सिस्टिमची फाइल ठेवा. इथेच बहुतेक जण चुकतात. साइटवर दोन फाइली असतात. त्यातली लहान फाइल नुसत्या अपडेटची, ती कोऱ्या डिस्कवर चालत नाही. १ जीबीच्या आसपासची, 'रीइन्स्टॉल'साठी दिलेली फाइल घ्यायची. पॉवर बटण दुसरी बीप वाजेपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून ठेवा, कंट्रोलर केबलने जोडा आणि सातवा पर्याय निवडा. ब्लूटूथने सेफ मोडमध्ये कंट्रोलर चालत नाही, म्हणून 'मशीन हँग झालं' असं समजून अनेक जण केबल न शोधता मशीन दुकानात नेतात.

पंखा विमानासारखा ओरडत असेल तर साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट. झाकणाच्या स्क्रूंना टोकाला भोक असलेला टॉर्क्स टी-९ (चांदणीसारख्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो, साधा टॉर्क्स त्यात बसत नाही. लॅपटॉप दुरुस्त करणारा कुठलाही बरा कारागीर हे काम करतो. हीच गोष्ट पीएस५ची नाही. त्यात प्रोसेसरवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. तो वीजवाहक आहे, सांडला तर बोर्ड जातो. शिवाय आतली मेमरी बोर्डवरच डाग देऊन बसवलेली आहे, ती बदलता येत नाही. म्हणजे पीएस५ बिघडला की तो मुंबई-पुण्याचा प्रवास करणार हे धरूनच चाला. 'उघडून बघतो' म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका.

पीएस५ घ्यायचाच ठरला तर डिस्कवाला घ्या, डिस्क ड्राइव्ह नसलेला 'डिजिटल' नको. स्लिम मॉडेल भारतात एप्रिल २०२४ मध्ये आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० आणि डिजिटलची ४४,९९० रुपये होती. डिस्कवाल्यासाठी मोजलेले जादा पैसे इथे वसूल होतात. रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर १०० जीबीचा गेम उतरायला पन्नास दिवस लागतील. ५० एमबीपीएसचं फायबर असेल तर साडेचार तास, पण त्या साडेचार तासांत लाईट टिकायला हवी. डिस्कमधून बहुतेक गेम थेट बसतात, नेट फक्त पॅचला (नंतरच्या दुरुस्त्यांना) लागतं. पीएस४च्या जुन्या डिस्कही पीएस५वर चालतात, डिजिटलवर त्यांचा उपयोग शून्य. खेळून झालं की डिस्क विकता येते, तो हिशेब वेगळाच. स्लिममध्ये ड्राइव्ह नंतरही लावता येतो, मात्र पहिल्यांदा जोडताना नेट लागतं. जागा कमी पडली तर आत एम.२ प्रकारची एसएसडी बसते : पीसीआयई जेन ४, वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, हीटसिंकसकट (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. हीटसिंकशिवाय बसवू नका.

आता मीटरपेटी. बिलाची चिंता फार नाही. जड गेम चालू असताना पीएस५ साधारण २०० वॅट खातो, रोज दोन तास धरले तर महिन्याला १२ युनिट. खरी भीती आहे ती न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटण्याची. पावसाळ्यात माडाची झावळ किंवा फणसाची फांदी लाईनवर पडते, डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीजवळ) न्यूट्रल निसटतं, आणि काही घरांत २३० ऐवजी ४००च्या जवळ व्होल्ट शिरतात. बल्ब एकदम पांढरे फटक होतात, पंखे भरधाव फिरतात, ते हेच. सर्ज प्रोटेक्टर असलेली पट्टी इथे वाचवत नाही. तिच्यातला एमओव्ही हा भाग क्षणभराचा झटका गिळायला बनवलेला असतो, मिनिटभर ४०० व्होल्ट आले तर तोच जळतो. त्यासाठी मीटरनंतर, एमसीबीच्या पेटीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावून घ्या. वरची मर्यादा २६०, खालची १७०, आणि लाईट परत आल्यावर निदान एक मिनिटाची थांबण. लाईट येते तेव्हा पहिले काही सेकंद ती वरखाली होते, म्हणून ही थांबण. घरातले फ्रिज, पंप, टीव्ही सगळेच यात सुरक्षित होतात, त्यामुळे हा खर्च पीएस५च्या नावावर मांडायची गरज नाही, आणि घरच्यांची परवानगीही लवकर मिळते.

सर्ज पट्टी नको असं नाही, ती वेगळ्या संकटासाठी आहे, आणि अर्थिंग धड नसेल तर तीही अर्धंच काम करते. सड्यावरच्या घरांत जांभा मे महिन्यात इतका कोरडा होतो की अर्थिंगचा खड्डा नावालाच उरतो. त्यात पाणी ओतत राहावं लागतं. गंमत म्हणजे पीएस५ची स्वतःची केबल दोन पिनचीच आहे, तिला अर्थ नाही. टीव्हीमागे एचडीएमआय लावताना बोटाला झिणझिण्या येतात, त्या अशाच तरंगत्या व्होल्टेजच्या. चालू लाईनवर एचडीएमआय काढणं-घालणं म्हणजे एचडीएमआय पोर्टच्या आयसीशी (चिपशी) जुगार. दोन्ही प्लग काढा, केबल लावा, मग प्लग घाला.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, एचडीएमआय काढा, लॅनची तारही काढा. विजेचा झटका सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून टीव्हीत, आणि टीव्हीतून एचडीएमआयमार्गे कन्सोलमध्ये येतो. 'प्लग तर काढला होता' म्हणणाऱ्यांचा पोर्ट याच वाटेने जातो.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर पीएस५ लावू नका, साइन वेव्ह हवा. त्याच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असेल तर ते यूपीएसवर ठेवा. त्याने लाईट गेल्यावरची अदलाबदल इतकी झटकन होते की मशीन बंद पडत नाही. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तासांची असली तरी हातात पडतात ११०० ते १२००. कन्सोल, टीव्ही आणि दोन पंखे मिळून ४५० वॅट धरले तर अडीच तास. इन्व्हर्टर नसेल तर १००० व्हीएचा यूपीएस घ्या. तो खेळण्यासाठी नाही, सेव्ह करून नीट बंद करण्यासाठी. आणि सेटिंगमध्ये जाऊन रेस्ट मोडचा (मशीन अर्धवट झोपवून ठेवण्याचा) नाद सोडा, मशीन पूर्ण बंद करा. रेस्ट मोडमध्ये लाईट गेली की पुढच्या वेळी 'नीट बंद केलं नव्हतं' ही तक्रार येते, आणि यूएसबीला लावलेली डिस्क दुरुस्तीला बसते.

खाऱ्या हवेबद्दल एक उलटी वाटणारी गोष्ट. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ आपणहून पाणी ओढून ओलं होतं, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक रोज त्याच्या वरच असते. आतल्या धुळीत बसलेलं मीठ अशा वेळी बोर्डवर ओलसर थर धरतं. चालू मशीन गरम होऊन स्वतःला वाळवतं, बंद मशीन ओलंच राहतं. म्हणून 'पाऊस आहे, झाकून ठेवू' यापेक्षा दोन-तीन दिवसांनी अर्धा तास चालवणं चांगलं. घर बंद करून मुंबईला जाणार असाल तर हवाबंद डब्यात पाव किलो सिलिका जेलसकट ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत वापरता येतं. डांबराच्या गोळ्या नकोत, काही प्लास्टिक त्यांनी चिकट होतं. चालवताना मात्र भिंतीपासून १० सेंटिमीटर मोकळे हवेत, काचेचं शोकेस नको. सोनीने ठरवलेली तापमानाची मर्यादा ३५ अंश आहे, पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी ती सहज ओलांडते. तेव्हा संध्याकाळी खेळा. आणि पालींवर लक्ष ठेवा, त्यांना उबदार फट आवडते.

वापरलेला पीएस५ घेत असाल तर बाजूच्या पांढऱ्या प्लेटा अवजाराशिवाय निघतात, त्या काढून बघा. पंख्याच्या कडेला, स्क्रूंवर, यूएसबीभोवतीच्या पत्र्यावर तांबूस गंज किंवा पांढरी भुकटी असेल तर परत फिरा. भोकांच्या कोपऱ्यात सुकलेला चिखल दिसला तर किंमत विचारूच नका, ते पुरातून आलेलं असू शकतं. बाकी जड गेम पाऊण तास चालवा, डिस्क चार वेळा आत-बाहेर करा. स्लिमच्या आधीच्या जाड पीएस५मध्ये ड्राइव्ह बोर्डाशी बांधलेला असतो, दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह नुसता उचलून लावता येत नाही.

पीएस५ घरात आला की पीएस४ विकण्याआधी दोन्ही अपडेट करा, लॅनच्या तारेने जोडा आणि डेटा ट्रान्सफर लावा. आधी फक्त सेव्ह घ्या, गेम नंतर. पीएस४चे गेम बाहेरच्या यूएसबी डिस्कवर असतील तर ती डिस्क सरळ पीएस५ला लावा, तिथूनच चालतात. पीएस५चे गेम यूएसबीवर नुसते साठवता येतात, चालत नाहीत. जुना कंट्रोलर पीएस५वर फक्त पीएस४च्या गेमसाठी चालतो, म्हणजे दुसऱ्या खेळाडूसाठी नवीन कंट्रोलरचे पैसे आधीच बाजूला ठेवा. पीएस४च्या सेव्ह यूएसबीवर घेता येत होत्या. पीएस५च्या गेमची एकटी सेव्ह तशी निघत नाही, ती पीएस प्लसच्या क्लाउडवर जाते किंवा अख्ख्या मशीनच्या बॅकअपमध्ये. तो बॅकअप मेच्या शेवटी, आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) कामांबरोबर, एकदा घेऊन ठेवा.