सीनानं टॅप केलं ते बरोबर केलं

१४ डिसेंबर २०२५, रविवार, रात्री

आज सकाळी डब्ल्यूडब्ल्यूईच्या, म्हणजे त्या टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीच्या, जॉन सीनाची शेवटची मॅच झाली. हरला. आणि नुसता हरला नाही, गुंथर नावाच्या पैलवानाच्या स्लीपरमध्ये, म्हणजे गळा आवळायच्या डावात, टॅप करून, हार मानल्याची खूण म्हणून हात आपटून हरला. दिवसभर आमच्या ग्रुपवर पोरं चिडून आहेत, की ज्या माणसाच्या टोपीवर, टॉवेलवर आयुष्यभर नेव्हर गिव्ह अप लिहिलेलं होतं त्यालाच शेवटच्या दिवशी हात आपटायला लावला, कंपनीत कोण हरणार-जिंकणार ते ठरवणाऱ्या ट्रिपल एचनं वाट लावली, आता पाहणंच बंद. मला तसं अजिबात नाही वाटलं. मला तो शेवट पटला, आणि काऊन पटला ते आजच लिहून ठेवतो, कारण धान चुरायचं अजून बाकी आहे, मशीन एकदा वावरात आली की मग कशाचीच फुरसत नाही.

एपिसोड होता सॅटर्डे नाइट्स मेन इव्हेंटचा. हा शो १९८५ मध्ये एनबीसीवर सुरू झालेला, मधली कितीतरी वर्षं बंदच होता, मागच्या डिसेंबरमध्ये त्यांनी परत आणला. मॅच वॉशिंग्टनला कॅपिटल वन अरेनात, तिकडं शनिवारची रात्र आणि आपल्याकडं रविवारची सकाळ साडेसहा. थंडी अशी की वैनगंगेकडून येणारी हवा खिडकीच्या फटीतून हाडात शिरून राहिली होती. मी ब्लँकेट घेऊन बसलो, भाच्यानं मोबाईल टीव्हीला जोडून दिला, आणि तेवढ्यात मामा आले.

मामा झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात खलनायक करतात. दिवाळी झाली, मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा लागल्या की होळीपर्यंत त्यांचा घरी पत्ता नसते, आज या गावी तर उद्या त्या गावी. काल शेजारच्या गावात शंकरपट, बैलांची शर्यत, होता म्हणून रात्री नाटक होतं, ते पहाटे संपलं, पण आमच्याकडं वाघाची भीती, अंधारात कोणी पायी निघत नाही, उजाडेपर्यंत तिथंच शेकोटीजवळ बसले आणि मग सरळ आमच्या घरी. तोंड खोबरेल तेलानं पुसलेलं होतं पण कानाच्या मागं रंग तसाच, डोळ्याच्या कोपऱ्यात काजळ, मिशीच्या जागी गोंदाचा पांढरा पट्टा. चहा घेतला आणि म्हणाले, "लाव, मीबी पायतो. आज तुह्या सीनाचा आखरी खेळ न?"

आधीच्या मॅचेस पटकन सांगतो. या एपिसोडमध्ये मोठ्या नावांसमोर नवीन पोरं उभी केली होती आणि ती आयडिया सीनाचीच होती म्हणतात. बेलीनं सोल रुकाला हरवलं, पण लक्षात राहिली ती सोल रुका, तिच्या उड्या पाहून भाचा ब्लँकेटमधून उठून उभा राहिला. एजे स्टाइल्स आणि ड्रॅगन ली यांनी जेव्हॉन इव्हान्स आणि लिऑन स्लेटर या पोरांना हरवलं, ही मॅच एकदम फर्स्टक्लास, अजून पाच मिनिटं असती तरी चाललं असतं. राग आला तो कोडी रोड्स आणि ओबा फेमीच्या मॅचचा. दोन चॅम्पियन समोरासमोर, ओबा फेमी म्हणजे पहाड माणूस, रंग चढून राहिला होता आणि ड्रू मॅकिन्टायर मधे घुसला, मॅच खतम, निकालच नाही. ड्रूचं कोडीशी वैर आहे हे मान्य, पण ते दुसऱ्या दिवशी दाखवा न, एवढा तगडा पोरगा उभा केला आणि त्याला पूर्ण खेळूच दिलं नाही.

मग सीना.

तो आला तेव्हा अरेनातला आवाज टीव्हीतून फाटून येत होता. रिंगजवळ जुने लोक बसलेले, त्यात कर्ट अँगल दिसला. २७ जून २००२ ला सीना पहिल्यांदा स्मॅकडाऊन या त्यांच्या दर आठवड्याच्या शोवर आला तेव्हा समोर हाच कर्ट अँगल होता. ती मॅच सीना हरला होता, आणि त्या हरण्यामुळंच लोकांना तो पोरगा लक्षात राहिला, हे विसरून कसं चालेल?

गुंथरबद्दल थोडं लिहिलं पाहिजे कारण ग्रुपवर त्याला कोणी माणूस म्हणून मोजत नाही आहे. ऑस्ट्रियाचा गडी. इंटरकॉन्टिनेंटल टायटल ६६६ दिवस ठेवलं, आतापर्यंत सलग एवढे दिवस ते कोणीच ठेवलं नाही. याच वर्षी जुलैमध्ये गोल्डबर्गची शेवटची मॅचही यानंच संपवली. सीनाचा शेवटचा प्रतिस्पर्धी ठरवायला १६ जणांची टूर्नामेंट झाली, फायनलमध्ये एलए नाइटला हरवून हा आला आणि आल्यापासून एकच लावून धरलं, की मी सीनाला टॅप करायला लावतो. म्हणजे शेवट काय होणार ते त्यानं आधीच तोंडावर सांगितलं होतं, आपणच ऐकून घेतलं नाही.

मॅच वीस मिनिटांच्या वर चालली. गुंथरची छातीवरची थप्पड पडली की आवाज असा येते की आपलीच कातडी आक्रसते, आणि सीनाची छाती लाल, काही ठिकाणी जांभळी. ४८ वर्षांचा माणूस तो. सीनानं एए, म्हणजे खांद्यावर उचलून आपटायचा त्याचा नेहमीचा डाव, मारला, गुंथरनं खांदा उचलला. परत उठला, परत मारला, आणि प्रत्येक वेळी गुंथर मागून येऊन गळ्याला हात घालायचा. एकदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला. भाचा ओरडून राहिला होता, सुट सुट सुट. मी पण ओरडत होतो, खोटं कशाला बोलू, जुन्या सवयीनं मुठी आवळलेल्या होत्या.

आणि मग शेवटच्या स्लीपरमध्ये सीनाचा चेहरा कॅमेऱ्यानं जवळून दाखवला. तो हसला. मोठं नाही, ओठांच्या कोपऱ्यातून. आणि हात आपटला.

घरात कोणीच बोललं नाही. तिकडं अरेनात लोक बोंबलायला लागले, शिव्या, हुर्यो. भाचा म्हणाला चीटिंग आहे ही. मामा मात्र टीव्हीच्या जवळ सरकले आणि म्हणाले, "पाय, पाय, त्याच्या तोंडाकडं पाय. त्यानं सोडून देल्लं. हरला नाही तो, सोडून देल्लं त्यानं."

आता सगळं ठरलेलं असते हे आमच्या गावातल्या बारक्या पोरालाही माहीत आहे. लहानपणी आम्हाला कोणी म्हटलं की हे खोटं आहे तर आम्ही भांडायचो. २००७ ची गोष्ट, जजमेंट डे नावाच्या शोत सीनानं आपल्या खलीला टॅप करायला लावलं होतं, आणि खलीचा पाय दोरीखाली होता, रेफरीनं पाहिलंच नाही! त्यावरून गावात दोन पार्ट्या झाल्या. एक खलीची, म्हणजे भारताची, दुसरी सीनाची. लोडशेडिंगचे दिवस होते, मॅच अर्धी दिसायची, अर्धी दुसऱ्या गावच्या पोरांकडून ऐकायची, आणि जी दिसली नाही तिच्यावरूनच जास्त भांडण. पैलवानांच्या ट्रंप कार्डच्या पत्त्यांत हाइटला खली निघाला की समोरच्यानं पत्ता देऊन टाकायचा. मी सीनाच्या पार्टीत होतो. हिमाचलचा माणूस, पंजाब पोलिसातला, आपला माणूस, त्याला सोडून अमेरिकेच्या माणसाला टाळ्या वाजवतो म्हणून मला बोलणी बसली, पण मला तो आवडायचा तर आवडायचा. मार खाऊन उठायचा ते आवडायचं. बाबा गेले त्या वर्षी शाळा सुटते की राहते असं झालं होतं, तेव्हा वहीच्या मागच्या पानावर मी ते तीन इंग्रजी शब्द लिहून ठेवले होते, मराठी अक्षरात. म्हणून त्याच्या टॅप करण्याचं मला काहीच वाटलं नाही असं कोणी समजू नये. पोटात खड्डा पडला.

पण पटलं. काऊन, ते मामांमुळं नीट उलगडलं.

मामा म्हणाले की नाटकात हिरोला मारायचा सीन असला की पब्लिक आधीच ओळखून असते, पोस्टरवरूनच ओळखते, तरी बाया पदर तोंडात धरून रडतात. आणि त्या सीनमध्ये हिरोपेक्षा मारणाऱ्याचं काम भारी असते. त्यानं जर हात ढिला सोडला, मनातून जर त्याला वाईट वाटून राहिलं आणि ते चेहऱ्यावर दिसलं, तर हिरोचं मरण फुकट गेलं. "हा गोरा पाय," ते गुंथरकडं बोट करून म्हणाले, "याच्या तोंडावर जराशी तरी माया आली का? नाही आली. शिव्या पडून रायल्या तरी नाही आली. असा गडी पायजे समोर, तवाच आखरी खेळ होते." मग त्यांनी सांगितलं की एका गावी नाटक संपल्यावर एका म्हातारीनं त्यांना चहा द्यायला नकार दिला होता, तुम्ही त्या पोरीले लय छळलं म्हणून. ती गोष्ट सांगताना मामांचा आवाज भरून आला होता. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट, गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मामांनी वडसा स्टँडवर पेढे वाटले होते, पण मला वाटते त्या म्हातारीचा नकार त्यांना तेवढाच मोठा वाटतो.

कुस्तीच्या त्या धंद्यात पण जुनी रीत आहे, जाणारा माणूस पाठीवर पडून जातो, राहणाऱ्याला मोठं करून जातो. रिक फ्लेअर २००८ च्या रेसलमेनियात, त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोत, शॉन मायकल्सकडून हरला, दोन वर्षांनी शॉन मायकल्स अंडरटेकरकडून हरला. आणि तो रिंगजवळ बसलेला कर्ट अँगल, त्याची निरोपाची मॅच २०१९ मध्ये बॅरन कॉर्बिनकडून हरण्यात गेली, तेव्हाही लोक असेच चिडले होते. फरक एवढा की कॉर्बिनला त्या विजयाचं पुढं काही करता आलं नाही. गुंथर करेल. सीना जिंकला असता तर काय झालं असतं? आपण नाचलो असतो, स्टेटस ठेवले असते, आणि तो विजय त्याच्यासोबत घरी गेला असता, कोणाच्याच कामाचा नाही. १७ वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या माणसाला आणखी एका विजयाची काय भूक?

आणि नेव्हर गिव्ह अपचं म्हणाल तर, त्या माणसानं वीस वर्षांहून जास्त काळ टॅप केलं नव्हतं. आजारी लेकरांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या मेक-अ-विश संस्थेमधून साडेसहाशेपेक्षा जास्त आजारी लेकरांना भेटला, एवढ्या इच्छा दुसऱ्या कोणीच पूर्ण केल्या नाहीत. त्या लेकरांना तो जे सांगायचा ते आजच्या एका हात आपटण्यानं खोटं होते का? मला नाही वाटत. झुंजायचं तेवढं झुंजला, पुन्हा पुन्हा त्या हातातून सुटला, आणि मग आता पुरे हे त्याचं त्यानं ठरवलं. रेफरीनं नाही, गुंथरनं नाही. ते हसू म्हणून आलं. ग्रुपवर एकानं लिहिलं की कंपनीनं हसायला लावलं. असेल ठरलेलं, पण ठरलेलं हसूसुद्धा चेहऱ्यावर आणावं लागते, आणि ते खोटं असलं तर मामासारख्या माणसाला लगेच कळते.

मॅचनंतर सगळे पैलवान बाहेर आले, सीएम पंक आणि कोडी रोड्सनं आपापले बेल्ट त्याच्या खांद्यावर ठेवले. पंक आणि सीना २०११ पासून एकमेकांच्या जिवावर उठलेले पाहिले आहेत आपण, त्यामुळं ते पाहताना माझ्यानं राहवलं नाही. ट्रिपल एच दिसला की लोक हुर्यो करायचे, ते मला आवडलं नाही, माणूस निरोप घेऊन राहिला आहे तेवढा वेळ तरी थांबा. मग सीनानं बूट काढले, मनगटाचे पट्टे काढले, रिंगमध्ये मधोमध ठेवले, सलाम केला आणि मोज्यांवर चालत वर गेला. जाताना कॅमेऱ्यात पाहून थँक्यू म्हणाला, इतकी वर्षं तुमची सेवा करायला मिळाली म्हणून.

भाच्याची समजूत अजून नाही पटली. त्याचं म्हणणं, सीना २०२३ ला हैदराबादला आला होता तेव्हा गुंथरच्याच टोळीतल्या दोघांना, कायझर आणि विंचीला, सेथ रोलिन्सला सोबत घेऊन हरवून गेला होता, मग आज कसा हरते? आमच्या गावातले दोघं बल्लारशाहून रेल्वेनं गेले होते ती मॅच पाहायला, त्यातल्या एकाचा आज दुपारी फोन आला आणि तोही भाच्याच्याच बाजूनं. मी त्याला म्हटलं परत एकदा पाहा, आवाज बंद करून पाहा, फक्त दोघांचे चेहरे पाहा. त्यानं हाव म्हटलं, पाहील की नाही माहीत नाही.

मामा दुपारी जेवून निघाले, आज रात्री पुन्हा नाटक आहे. निघता निघता विचारत होते, तो गोरा आता कधी दिसन? परवा सकाळी रॉ, त्यांचा दर आठवड्याचा दुसरा शो, आहे, मंगळवारी, साडेसहालाच. लोक गुंथरला बोलूच देणार नाहीत, माईक धरला की शिव्या सुरू होतील, आणि त्यानं त्या कशा झेलल्या यावर पुढचं सगळं आहे. मामांनी त्या वेळी त्यांना उठवायला सांगितलं आहे.